इंका वाटेचे मैलकुली

कुस्कोहून निघालेली रेल्वे उरुबाम्बा नदीच्या काठाने माचू पिच्चूकडे उतरत जाते. तिच्या ८२व्या किलोमीटरपाशी पिस्काकुचो नावाची छोटी वस्ती आहे. इंका ट्रेल म्हणून जगभर माहीत असलेली वाट इथून सुरू होते. नदीवरचा पूल ओलांडण्याआधी चौकीवर दोन कामे होतात. परवान्यावरची नावे पासपोर्टशी ताडून पाहतात आणि पोर्टर मंडळींची ओझी काट्यावर चढवतात. आमच्या गटातले बाकीचे लोक वाटेच्या फलकापाशी फोटो काढत होते, तेव्हा मी काट्यापाशी जाऊन उभी राहिले. तंबू, गॅसची टाकी, पातेली, आमच्या स्लीपिंग बॅगा असे बांधलेले एकेक बोचके काट्यावर येत होते. २० किलोच्या वर आकडा गेला की गाठ सोडायची, जास्तीचे सामान काढून दुसऱ्याच्या बोचक्यात घालायचे आणि पुन्हा वजन करायचे. तपासनीस कुणाचीही गय करत नव्हता.

माझी सगळी नोकरी सह्याद्रीतल्या घाटरस्त्यांवर गेली. वरंध, आंबेनळी, कुंभार्ली. कुठलाही रस्ता बघताना माझी नजर आधी गटाराकडे जाते, मग मोरीकडे, मग संरक्षक भिंतीकडे. दरीतला देखावा त्यानंतर. आमच्या खात्यात पूर्वी मैलकुली असत. ठरावीक लांबीचा रस्ता एकेका माणसाच्या अंगावर सोपवलेला असे. पावसाळ्याआधी गटार उपसायचे, मोरीच्या तोंडातला पालापाचोळा काढायचा, दरड आली की पहिली खबर द्यायची. त्या माणसाला आपल्या तुकड्यातला प्रत्येक दगड ठाऊक असे. पुढे ती पदे भरणे थांबले आणि कामे ठेक्याने निघू लागली. रस्त्यांचे काय झाले ते घाटातून जाणारा प्रत्येक जण दर पावसाळ्यात बघतो. पेरूला जाताना माझ्या मनात एकच प्रश्न होता. तिथली ही वाट पाचशे वर्षे टिकली म्हणतात, तर तिचे मैलकुली कोण होते?

पंधराव्या शतकात पाचाकुती या राजाच्या काळापासून इंकांची सत्ता कुस्कोच्या खोऱ्याबाहेर पसरली आणि शंभर वर्षांच्या आत आजच्या कोलंबियाच्या दक्षिण भागापासून चिली आणि अर्जेंटिनापर्यंत पोचली. या मुलखाला बांधून ठेवणारे रस्ते सुमारे ३०,००० किलोमीटरचे होते. त्यातले काही वारी लोकांसारख्या आधीच्या राज्यकर्त्यांनी बांधले होते. इंकांनी ते जोडले, रुंदावले आणि राखले. २०१४ साली सहा देशांनी मिळून मागणी केली आणि युनेस्कोने ‘कापाक न्यान’ या नावाने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपण चालतो ती वाट या जाळ्यातला ४३ किलोमीटरचा एक धागा आहे.

या रस्त्यांवर चाक कधी फिरले नाही. घोडा नव्हता, बैल नव्हता. ओझ्याचा प्राणी म्हणजे लामा. तो २५-३० किलो वाहतो, त्याहून जास्त लादले की खाली बसतो. घाट आखताना आम्ही गाडीच्या इंजिनाचा विचार करतो. वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, फार तर थोडा जास्त, म्हणून रस्ता वळणे घेत घेत डोंगर चढतो. इंका आखणीदाराला ही अडचणच नव्हती. माणसाचा पाय आणि लामाचा खूर जिथे जाईल तिथे रस्ता जाई, आणि जिथे उतार फार तीव्र तिथे पायऱ्या येत. गुडघ्यांना हे फार लवकर कळते.

वाटेवर दिवसाच्या चालीच्या अंतराने ताम्बो असत, म्हणजे धान्य, कपडे आणि हत्यारे साठवलेले मुक्काम. त्यांच्या मध्ये चास्कींच्या झोपड्या. चास्की म्हणजे निरोप्या धावपटू. तो शंख फुंकत येई, पुढचा तयार राही, धावता धावता निरोप आणि गाठींच्या दोऱ्यांचा कीपू हातात देई. कीपू हे त्यांचे हिशेबाचे साधन. गावे किती, माणसे किती, कोणाकडून किती काम यायचे, सगळे त्या गाठींत. आणि त्या हिशेबातच मला माझे मैलकुली सापडले.

इंका राज्यात कर पैशात नव्हता, श्रमात होता. त्याला मिता म्हणत. प्रत्येक घराने वर्षातला काही काळ राज्याच्या कामाला द्यायचा. कुणी शेती, कुणी विणकाम, कुणी सैन्य, आणि वाटेच्या आसपासच्या गावांनी वाट. रस्त्याचा कुठला तुकडा, कुठला पूल कोणत्या गावाचा, हे ठरलेले असे. १५४०च्या दशकात या रस्त्यांवरून हिंडलेला स्पॅनिश बखरकार पेद्रो सिएसा दे लेओन याने या व्यवस्थेची थोरवी लिहून ठेवली आहे. त्याच्या बखरीचा पहिला भाग १५५३ साली सेव्हिलमध्ये छापला गेला. आपल्याच देशबांधवांच्या हाती आल्यावर हे सारे कसे मोडत चालले, हेही त्याने लपवले नाही. मिता ही सक्ती होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नाही म्हणायची सोय कुणाला नव्हती, आणि अख्खी गावे उचलून दूरच्या मुलखात वसवली जात. पण कामावर आलेल्याला राज्याच्या कोठारातून खायला-प्यायला मिळे. ओयांतायताम्बोच्या उभ्या कड्यावर ती कोठारे अजून दिसतात, वाऱ्यावर धान्य कोरडे राहावे म्हणून इतकी उंच बांधलेली.

दुसऱ्या दिवशी वार्मिवान्युस्काची खिंड लागते, ४,२१५ मीटर. पहिल्या मुक्कामाचे वाय्याबाम्बा साधारण ३,००० मीटरवर आहे, म्हणजे एका सकाळीत १,२०० मीटरची चढाई. आमच्यातले बहुतेक जण साठीच्या आसपासचे, राजगड-तोरणा पायाखाली घातलेले. पण इथे पाय तक्रार करत नाहीत, छाती करते. आमच्यातल्या डॉक्टरबाईंनी नियम घातला होता की सर्वांत हळू चालणाऱ्याने पुढे राहायचे आणि त्याच्या पुढे कोणी जायचे नाही. सुरुवातीला काही जणांना तो जाचला. खिंडीत सगळे एकत्र पोचले तेव्हा तक्रार उरली नव्हती. आमचा वाटाड्या केशुआ बोलणारा, कुस्कोजवळच्या खेड्यातला. मागून पोर्टर आले की तो हाळी देई आणि आम्ही सगळे डोंगराच्या अंगाला सरकून उभे राहत असू. दरीच्या अंगाला कधीच नाही. पोर्टरचे बोचके लागून माणूस खाली जायचा. रबरी टायरच्या सपाता घातलेली ती माणसे गालात कोकाची पाने धरून आमच्या शेजारून वर निघून जात. आम्ही मुक्कामाला पोचत असू तेव्हा तंबू उभे झालेले असत आणि आमच्यासाठी चहा ठेवलेला असे.

खिंडीपर्यंतची वाट बरीचशी नव्याने दुरुस्त केलेली आहे. रुंकुराकायच्या दुसऱ्या खिंडीपलीकडे मात्र मूळ फरसबंदी सुरू होते आणि तिथे मी गटाच्या मागे पडू लागले. एकेका जागी थांबून बघावेसे वाटे. सायाक्मार्काच्या पुढे दलदलीतून वाट जाते. तिथे त्यांनी दगडांचा भराव घालून ती उचलून घेतली आहे. कड्याला वाट चिकटते तिथे खालून सुक्या दगडांची भिंत रचली आहे, चुना नाही, माती नाही, आणि भिंत डोंगराकडे किंचित कललेली. पाणी अडवायचे नाही, आरपार जाऊ द्यायचे. पुढे एका ठिकाणी कडा वाट सोडेना, तर त्यांनी मूळच्या भेगेचा फायदा घेऊन बोगदा काढला, आत पायऱ्या कोरल्या. हे सगळे लोखंडाशिवाय, दगडी आणि काशाच्या हत्यारांनी. आम्ही घाटात काँक्रीटच्या भिंतींना पाणी सुटायला वीप होल ठेवतो. ती बुजली की भिंत फुगते आणि एका रात्रीत खाली येते. इथे सगळी भिंतच वीप होल होती.

माचू पिच्चूच्या पाण्याचा सर्वांत बारकाईने अभ्यास केला तो केनेथ राइट या अमेरिकी जलअभियंत्याने. पेरूचे पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेदो व्हालेन्सिया सेगारा यांच्या जोडीने त्याने १९९०च्या दशकात तिथे वर्षानुवर्षे मोजमापे केली. त्यांचे पुस्तक मी निवृत्तीनंतर वाचले आणि पेरूला जायचे माझे तेव्हाच ठरले. तिथे वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. शहर दोन प्रस्तरभंगांच्या मधल्या डोंगरधारेवर आहे, म्हणजे आमच्या भाषेत बांधकामाला अत्यंत वाईट जागा. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी ७४९ मीटर लांबीच्या पाटाने शहरात आणले आहे आणि ते एकाखाली एक अशा १६ हौदांतून उतरते. पावसाचे पाणी बाहेर काढणारी सुमारे १३० तोंडे भिंतींत ठेवलेली आहेत. मजग्यांच्या पोटात तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळूमिश्रित थर आणि सर्वांत वर सुपीक माती. राइटच्या अंदाजाने त्या शहरावर झालेल्या एकूण श्रमांपैकी साठेक टक्के जमिनीखाली आहेत. पर्यटक ज्या देवळांपुढे उभे राहतात ती उरलेल्या चाळीसमधली.

जानेवारी २०१०मध्ये या भागात प्रचंड पाऊस झाला. नदीकाठची रेल्वे जागोजाग वाहून गेली, हजारो पर्यटक खालच्या गावात अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. माचू पिच्चू एप्रिलपर्यंत बंद राहिले ते तिथे पोचायचा मार्ग नव्हता म्हणून. वरच्या शहराच्या भिंती आणि मजगे त्या पावसात जागच्या जागी उभे होते.

पण नुसत्या बांधणीवर कुठलाही रस्ता टिकत नाही. १५३२ साली काहामार्कात इंकांचा राजा आताहुआल्पा स्पॅनिशांकडून पकडला गेला, पुढच्या वर्षी कुस्को पडले. १५३६मध्ये मांको इंकाने बंड केले आणि नंतर तो विल्काबाम्बाच्या डोंगरात मागे सरला. तिथले छोटे राज्य १५७२पर्यंत तग धरून राहिले. त्या वर्षी शेवटचा राजा तुपाक आमारू याचा कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला. देवीच्या साथींनी माणसे आधीच मरत होती. व्हाइसरॉय तोलेदोने उरलेल्यांना विखुरलेल्या वाड्यांमधून उठवून नव्या आखीव गावांत बसवले. मिता हे नाव स्पॅनिशांनी तसेच ठेवले, काम मात्र बदलले. आता ती माणसे पोतोसीच्या चांदीच्या खाणींत जाऊ लागली. वाटेची गावे वाटेपासून तुटली. जे मुख्य रस्ते वापरात राहिले त्यांच्यावरून नाल ठोकलेले घोडे आणि खेचरे धावली आणि पायऱ्यांच्या कडा मोडल्या. आज या वाटेवर धातूच्या टोकाची काठी चालत नाही, टोकाला रबर लावावे लागते. आमच्यातल्या एकाला हे नसते सोपस्कार वाटले. मला त्या नियमात कुणीतरी मैलकुलीसारखा विचार केलेला दिसला.

माचू पिच्चूची वाट रानात गेली ती अशी. शोध लागला तो पुढे, असे सगळीकडे लिहिलेले असते, आणि इथे मला राग आवरत नाही. येल विद्यापीठाचा हायरम बिंगम २४ जुलै १९११ रोजी तिथे पोचला, तेव्हा मजग्यांवर दोन शेतकरी कुटुंबे राहत होती, रिचार्ते आणि आल्व्हारेस. मका, बटाटे, रताळी पिकवत होती. सैन्यभरती आणि करवसुली करणारे अधिकारी इतक्या वर येत नाहीत म्हणून ती तिथे राहिली होती. तिथल्याच एका छोट्या मुलाने बिंगमला शहर दाखवले. खालून वर नेले ते मेल्चोर आर्तेआगा या शेतकऱ्याने, एक सोल मजुरी घेऊन. ती तिथल्या रोजच्या मजुरीच्या तिप्पट-चौपट होती. आणि वर देवळाच्या भिंतीवर कोळशाने एक नाव लिहिलेले होते : लिसारागा, १९०२. आगुस्तिन लिसारागा हा त्याच खोऱ्यातला माणूस. बिंगमने आपल्या टिपणवहीत त्यालाच शोधक म्हणून नोंदवले, पण त्याच्या नंतरच्या पुस्तकांतून ते नाव दिसेनासे झाले. बिंगम तिथवर जाऊ शकला तोही एका रस्त्यामुळे. त्याच्या आधीचे प्रवासी वरच्या खिंडीने वळसा घालून जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने नदीच्या घळीतून सुरुंग लावून खेचरांचा रस्ता काढला आणि तो थेट या डोंगराच्या पायथ्याशी आला. त्या सुरुंग लावणाऱ्यांची नावे मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

बिंगमच्या लिखाणातली एक हकिकत मी विसरू शकत नाही. विल्काबाम्बाच्या बाजूला त्याला हमाल हवे होते. तिथला गावाधिकारी घरोघर गेला, हस्तांदोलन करायच्या मिषाने केशुआ माणसाच्या तळहातात चांदीचे नाणे ठेवले आणि सांगितले की तू पैसे घेतलेस, आता चल. शेतीची कामे अंगावर होती, माणसे विनवत होती. वेठ म्हणतात ती हीच. हे बिंगमने स्वतःच लिहून ठेवले आहे. १९१२ साली शहरावरचे रान तोडले, १९१५ साली याच वाटेवरची रुंकुराकाय आणि सायाक्मार्का ही ठिकाणे उजेडात आणली, त्या सगळ्या मोहिमांच्या मागे अशी पाठ वाकवलेली माणसे होती. १९४०च्या सुमारास पॉल फेहोशच्या मोहिमेने याच वाटेवरच्या विन्याय वाय्नाचे मजगे उजेडात आणले. तेव्हाही कुऱ्हाड आणि कोयता चालवणारे हात खोऱ्यातलेच होते.

बिंगमच्या मोहिमेने थडग्यांतली हाडे आणि भांडी येलला नेली. पेरूला ती परत मिळवायला फार वर्षे भांडावे लागले. २०११ आणि २०१२ साली ती कुस्कोला आली. २०२३मध्ये माचू पिच्चूला पुरलेल्या ३४ जणांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही राजघराण्यातली माणसे नव्हती. राजाच्या वाड्यावर राबणारी, साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातून आणलेली होती, काही तर ॲमेझॉनच्या अरण्यातली. शहर राखणारी माणसे ती हीच, आणि शंभर वर्षे त्यांच्या हाडांनाही घर नव्हते.

ट्रेकर मंडळी १९७०च्या दशकापासून या वाटेवर येऊ लागली. पुढच्या पंचवीस वर्षांत गर्दी, घाण आणि मोडतोड इतकी वाढली की दिवसाला ५०० माणसांची मर्यादा घालावी लागली. त्यात ट्रेकर सुमारे २००, बाकीचे वाटाडे, आचारी आणि पोर्टर. म्हणजे दर ट्रेकरमागे दीड माणूस राबतो. मर्यादेआधी हे पोर्टर चाळीस-पन्नास किलो वाहत, उघड्यावर झोपत आणि उरलेसुरले खात. त्यांनी संघटना केल्या, मोर्चे काढले. २००१ साली पोर्टरांचा कायदा झाला. त्यात वजनाची मर्यादा, किमान मजुरी, विमा, जेवण आणि झोपायची जागा आली, आणि २०२२ साली त्या जागी नवा कायदा आला. चौकीवरचा तो काटा अशा भांडणांतून आलेला आहे. कायदा झाला म्हणजे तो पाळला जातो असे नाही. आम्ही निघण्याआधी आमच्या गटात मजुरी, तंबू आणि बूट यांची चौकशी करून मगच कंपनी ठरवली, थोडे जास्त पैसे मोजून. हे प्रत्येक मराठी गटाने करावे असे मला मनापासून वाटते, कारण आता पुण्या-मुंबईहून तिथे जाणारे बरेच आहेत.

दर वर्षी फेब्रुवारीत ही वाट बंद असते. तो तिथला ऐन पावसाचा महिना. त्या काळात गटारे उपसतात, निसटलेल्या पायऱ्या बसवतात, दरडी काढतात. वाटेत झाडझूड करणाऱ्या एका कामगाराला मी वाटाड्याच्या मदतीने विचारले की पायरी हलली तर काय करता. त्याने पहार दाखवली आणि पायरीच्या खालचा दगड दाखवला. वरचा दगड कितीही वेळा बसवा, खालून पाणी जात असेल तर तो हलणारच, म्हणून आधी खालचा उघडायचा. हेच वाक्य मी वरंधच्या घाटात एका म्हाताऱ्या मैलकुलीकडून ऐकले होते.

मिता पद्धतीतले एक काम मात्र अजून चालू आहे. कुस्कोच्या दक्षिणेला केहुए गावाजवळ अपुरिमाक नदीवर केस्वाचाका हा गवताचा पूल आहे, जेमतेम तीस मीटर लांबीचा. दर जूनमध्ये चार गावांतली घरे कोया गवताच्या बारीक दोऱ्या वळून आणतात. बायका बारीक दोरी वळतात, पुरुष त्यांचे जाड दोरखंड करतात. चार तळाला, दोन कठड्याला. जुना पूल तोडून नदीत सोडतात, आणि पूल विणण्याची विद्या वडिलांकडून शिकलेले कारागीर दोन्ही काठांवरून विणत विणत मध्ये भेटतात. २०१३मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली. जवळच लोखंडी पूल आहे, गाड्या त्यावरून जातात. तरी हा बांधतात. २०२० साली साथीमुळे बांधता आला नाही, आणि मार्च २०२१मध्ये जुना पूल तुटून पडला. जूनमध्ये चारही गावे नदीवर आली, घरटी आपापली दोरी घेऊन, आणि नवा बांधून झाला.